नवी गाडी पासिंगच्या आधी बघा

दसऱ्याच्या संध्याकाळी सात वाजता मी माझी पहिली नवी गाडी ताब्यात घेतली. शोरूममध्ये जत्रा भरली होती. एका गाडीवरचा हार उतरला की दुसरीवर चढत होता, टाळ्या वाजत होत्या, फोटो निघत होते. बायकोच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली आणि माझ्या हातात पेन. पाच ठिकाणी सह्या केल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली, तीही फोटोसाठी. आठ दिवसांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पेंटिंगचं काम करणाऱ्या माझ्या मावसभावानं मागच्या डाव्या दाराच्या बिजागरीवरच्या बोल्टवर नख फिरवलं आणि म्हणाला, "गाडी नवी हाय दादा, खरं ह्ये दार पुन्हा मारलंय की." (बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्या वाचकांसाठी.)

दार कुठं आपटलं, ट्रेलरवर की यार्डात, ते आजतागायत कळलेलं नाही. शोरूमवाल्यांनी शांतपणे माझीच सही दाखवली: 'गाडी सुस्थितीत मिळाली.' शिवाय केए-२२ चा नंबर पडलेला, विमा माझ्या नावावर, कर्जाचा हप्ता सुरू. अशा वेळी गाडी बदलून मागणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसणं.

त्यानंतर भावकीतल्या आणि गल्लीतल्या सात-आठ गाड्या मी घेण्याआधी बघून दिल्या. त्यातल्या दोन नाकारायला लावल्या. त्या अनुभवावरून हे लिहितोय.

आधी क्रम बदला

गाडी डिलिव्हरीच्या दिवशी बघायची असते, अशी बहुतेकांची समजूत आहे. तोवर उशीर झालेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार त्याच राज्यात नोंदवायच्या नव्या गाडीचा अर्ज विक्रेता करतो, आणि नंबर लागल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची नसते. नियम चांगलाच आहे. त्याचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवा: गाडी हातात येते तेव्हा कागदोपत्री ती आधीच तुमची झालेली असते. इन्व्हॉइस फाडलं, विमा निघाला, आजीव कर भरला, नंबर पडला. आता दारावर चरा सापडला तर शोरूम 'पॉलिश करून देऊ' यापलीकडे जात नाही.

म्हणून क्रम असा हवा. बुकिंग करताना विक्री प्रतिनिधीला सांगायचं की गाडी यार्डात आली की चेसिस नंबर कळवा, मी येऊन बघीन, पसंत पडली की मगच इन्व्हॉइस आणि विमा करा. नुसतं तोंडी सांगू नका. बुकिंगच्या पावतीवर तेवढी ओळ लिहून घ्या, नाहीतर त्याच दिवशी ई-मेल टाका. व्हॉट्सअॅपवरचा निरोपही चालतो, पण तो प्रतिनिधी नोकरी सोडून गेला की निरोपही त्याच्या फोनबरोबर जातो.

कर्ज असेल तर आणखी एक दार बंद करायचं असतं. बँक असो की गावातली सोसायटी, मंजूर झालेली रक्कम थेट शोरूमच्या खात्यात जाते. 'मी फोन केल्याशिवाय पैसे सोडू नका' असं व्यवस्थापकांना आधीच सांगून ठेवा. पैसे पोचल्यावर शोरूमच्या आवाजातला गोडवा किती उतरतो ते मी ऐकलंय.

दिवस कोणता निवडायचा? दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया, धनत्रयोदशी हे डिलिव्हरीचे दिवस. त्या दिवशी कुणालाही तुमच्यासाठी दहा मिनिटं नसतात. बघायला पितृपक्ष उत्तम. अमावास्याही चालते. यार्ड रिकामं, माणसं मोकळी, आणि आपण काही गाडी घरी आणत नाही, नुसती बघतो, त्यामुळं घरातल्या वडीलधाऱ्यांचीही हरकत नसते.

यार्डात

गाडी शोरूममध्ये बघू नका, यार्डात बघा. शोरूमचे दिवे गाडीचं रूप खुलवण्यासाठीच बसवलेले असतात. बेळगावला येणाऱ्या गाड्या चाकणहून, तमिळनाडूतून, आंध्रातून, थेट गुजरात-हरियाणातूनही ट्रेलरवर येतात आणि गावाबाहेरच्या यार्डात कधी आठवडाभर, कधी तीन-तीन महिने उभ्या राहतात. तांबडी धूळ, ऊन, आणि जूनपासून आपला बेळगावी पाऊस. कारखान्यातून निर्दोष निघालेली गाडी बिघडते ती याच मधल्या काळात.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जा. पाऊस पडत असेल तर परत या, कारण थेंबांखाली बारीक चरे दिसतच नाहीत. धुळीनं माखलेली असेल तर धुवून, पुसून, कोरडी करायला सांगा. बरोबर टॉर्च, मऊ कापड, टायरची हवा मोजायचं गेज, मोबाइलची केबल आणि वही एवढं पुरे. आणि एक जाणता माणूस. मेकॅनिकपेक्षा पेंटर नेलेला बरा असं माझं मत, कारण नव्या गाडीच्या इंजिनात क्वचितच काही सापडतं, पत्र्यावर मात्र सापडतं. फीलर गेज खिशात घालून येणाऱ्या उद्यमबागेतल्या फिटर मित्राला शक्यतो घरी ठेवा. तो प्रत्येक फट मोजत बसेल आणि दुपार होईल.

गाडीचं वय

पहिलं काम चेसिस नंबर. सतरा अक्षरांचा हा नंबर बॉडीवर कोरलेला असतो, कंपनीच्या पट्टीवर असतो, आणि बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेच्या कोपऱ्यातूनही वाचता येतो. तुम्हाला कळवलेला नंबर आणि हा नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. त्यात उत्पादनाचं वर्ष आणि महिना सांकेतिक अक्षरांत असतात. वर्षासाठी साधारणपणे आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. अक्षराची जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून डोकं खाजवण्यापेक्षा पट्टीवर छापलेला महिना आणि वर्ष बघा. तीन महिन्यांच्या आतली गाडी मिळाली तर छान. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर एकतर दुसरी मागा किंवा सूट मागा. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली तरी विकताना ती आदल्या सालचीच धरली जाते.

मग टायर. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी विसरू नका. टायर गाडीपेक्षा थोडे जुने असणारच, कारण ते आधी बनतात. एखादा टायर गाडीपेक्षा तरुण निघाला, तर मूळचा कुठं गेला ते विचारा. काचांचंही तेच. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि खुणा असतात. दारांच्या काचांत एकच वेगळी दिसली, तर ती बदललेली असण्याची शक्यता आहे. पुढची काच वेगळ्या प्रकारची असते, तिच्या खुणा वेगळ्या असल्या तर त्यात काही नाही.

ओडोमीटरवर पन्नासच्या आत किलोमीटर असले तर निवांत राहा. शंभराच्या पुढे असतील तर गाडी हुबळीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या यार्डातून चालवत आणलीय का, की कुणाला चालवून दाखवायला वापरलीय, ते स्पष्ट विचारा.

पत्रा आणि रंग

इथं घाई करू नका. माझा अर्धा वेळ इथंच जातो.

गाडीपुढं उभं राहून रंग दिसत नाही, तिरकं बघावं लागतं. पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसा आणि पूर्ण बाजूवरून नजर मागे न्या. तारेची, खांबाची, यार्डाच्या पत्र्याची प्रतिबिंबं सरळ वाहत गेली पाहिजेत. प्रतिबिंब एका ठिकाणी थरथरलं, तर तिथं पोचा किंवा लांबी (पोचा भरायची पुट्टी) आहे. पुन्हा मारलेला रंग बोटांना जास्त खरखरीत लागतो किंवा संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. कंपनीच्या रंगालाही थोडी साल असते, म्हणून एकच दार बघून निकाल देऊ नका, डावं आणि उजवं ताडून बघा.

नंतर दारं, बॉनेट आणि डिकी उघडा. बिजागरीचे बोल्ट बघा. कारखान्यात बोल्टवरही रंग बसलेला असतो. बोल्टच्या कडा पान्यानं खरवडलेल्या असतील, तर दार कुणीतरी काढलं किंवा सरकवलं आहे. कारखान्यातही कधीकधी दार बसवताना बोल्ट हलवतात, त्यामुळं एवढ्या पुराव्यावर भांडू नका, पण त्या दाराचा रंग दुप्पट लक्ष देऊन बघा. रबराची बीडिंग बोटानं जरा मागे सारा. खाली रंगाची कड किंवा रबरावर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले, तर संशय पक्का. माझ्या दारावर नेमके ते होते. आठ दिवस ते दार उघडझाप करत होतो आणि एकदाही दिसले नाहीत.

बंपर प्लास्टिकचा असतो, रंग वेगळ्या ठिकाणी लागतो, म्हणून मेटॅलिक छटा पत्र्यापेक्षा किंचित वेगळी दिसली तर तो दोष समजू नका. बंपरची खालची कड मात्र झोपून बघा. ट्रेलरवर चढवता-उतरवताना घासते ती हीच. रिम्सवर ट्रेलरवर बांधायच्या पट्ट्यांचे ओरखडे असतात, तेही बघा. फटींच्या बाबतीत डावी-उजवी सारखी आहे का एवढंच बघायचं.

टॉर्च घेऊन गाडीखाली वाका. तेलाचा डाग, वाकलेला पत्रा, ताजा काळा रंग शोधा. ब्रेकच्या डिस्कवर तपकिरी गंज दिसला तर घाबरू नका. पावसाळ्यात एका रात्रीत तो चढतो आणि चार ब्रेक मारले की जातो.

बॉनेटखाली

तेल, कूलंट आणि ब्रेक ऑइल खुणेपर्यंत आहे का, बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड आहे का, हे दोन मिनिटांचं काम. त्यापेक्षा उंदीर शोधा. आपल्याकडे यार्डाला लागून उसाचं शेत असणं काही नवलाचं नाही, आणि तोडणी झाली की उंदीर नवं घर शोधत निघतात. वायरिंगच्या टेपवर दातांच्या खुणा, कोपऱ्यात लेंड्या, कापसासारखा चोथा दिसतो का बघा. डॅशबोर्डच्या खणामागचा एसीचा फिल्टर काढून दाखवायला सांगा. प्रतिनिधी कुरकुरेल, पण बहुतेक गाड्यांत तो हातानं निघतो. मी नाकारायला लावलेल्या दोनांपैकी एक गाडी या फिल्टरवरच्या घरट्यापायी गेली.

आत

आत बसल्या बसल्या वास घ्या. नव्या गाडीचा वास सगळ्यांना माहीत आहे. त्यात कुबटपणा मिसळलेला असेल तर पायाखालचं कार्पेट उचलून हात लावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यातही पाणी साचतं. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्या पट्ट्यानं बघितलाय, तेव्हा हा संशय वावगा नाही.

किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका. इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत. एबीएस आणि एअरबॅगचे थोड्या वेळात विझले पाहिजेत, इंजिनाचा दिवा पुढं इंजिन चालू केल्यावर. दिवा पेटून राहिला तर दोष उघडच आहे. जो दिवा मुळात लागलाच नाही, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि तोही तितकाच दोष आहे.

पुढचं काम कंटाळवाणं आहे: प्रत्येक बटण दाबायचं. चारही काचा, आरसे, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, मागचा कॅमेरा, सीट पुढंमागं, यूएसबीला केबल लावून फोन चार्ज होतो का. एसी पुढं इंजिन चालू केल्यावर दहा मिनिटं चालवा. दोन्ही किल्ल्या वापरून बघा. जॅक, पाना आणि त्रिकोण जागेवर आहेत का तेही मोजा. वरचं मॉडेल घेतलं असेल तर माहितीपत्रक हातात धरून एकेक सुविधा ताडून बघा, कारण खालच्या मॉडेलवर वरचा बिल्ला चिकटवणं काही अवघड नसतं.

सीएनजी गाडी असेल तर टाकीवरच्या पट्टीवरची चाचणीची तारीख बघा. इलेक्ट्रिक असेल तर घरचा चार्जर पेटीत आहे का बघा आणि यार्डातच अर्धा तास गाडी चार्जिंगला लावायला सांगा.

चालवून

इंजिन थंड असताना चालू करायचं. तुम्ही येण्याआधी कुणी गरम करून ठेवलंय का ते बॉनेटवर हात ठेवून कळतं. पासिंग न झालेली गाडी रस्त्यावर न्यायची तर शोरूमचं ट्रेड सर्टिफिकेट लागतं, त्यामुळं बहुधा यार्डातच फिरावं लागेल. तेवढं पुरतं. स्टिअरिंग सरळ असताना गाडी सरळ जाते का, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का, रिव्हर्स टाकताना कुरकुर होते का ते बघा. रेडिओ बंद ठेवा आणि प्रतिनिधीला थोडा वेळ गप्प बसायला सांगा, कारण तो नेमका याच वेळी एक्स्टेंडेड वॉरंटी समजावू लागतो.

दोष निघाला तर

'साहेब, पॉलिशमध्ये जातंय' हे वाक्य तुम्ही ऐकणारच. पुसून जाणारा डाग असेल तर तिथल्या तिथं घालवून दाखवायला सांगा. पोचा, पुन्हा मारलेला रंग, ओलावा, उंदीर, पेटून राहिलेला दिवा यांपैकी काही असेल तर दुरुस्ती मान्य करू नका, दुसरी गाडी मागा. इन्व्हॉइस झालेलं नसतं, त्यामुळं शोरूमचं काही जात नाही. ती गाडी ते दुसऱ्याला देतील. तो दुसरा मीच होतो, असं मला राहून राहून वाटतं.

ढिली क्लिप, न आलेलं मॅटिंग अशा किरकोळ गोष्टींसाठी गाडी नाकारू नका. त्या तारखेसह लिहून घ्या आणि खाली व्यवस्थापकाची सही घ्या. फोटो काढून त्याच दिवशी ई-मेल करा.

पसंत पडलेल्या गाडीचा चेसिस नंबर आणि किलोमीटर यांचाही फोटो काढून ठेवा. दाखवायची एक आणि द्यायची दुसरी, असं होऊ नये.

कागद

ऑन-रोड किमतीची फोड लेखी घ्या: एक्स-शोरूम, कर, विमा, नंबरप्लेट, फास्टॅग. 'हँडलिंग' नावाचा आकडा दिसला तर तो कशाचा ते विचारा. बहुतेकदा विचारल्यावर तो गळून पडतो. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आधीच गोळा केलेला प्राप्तिकर, घेतला जातो, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे. बाहेर दर विचारून या आणि मग शोरूमचा आकडा कसा खाली येतो ते बघा.

नावाचं स्पेलिंग हे आपल्या भागाचं खास दुखणं. शाळेचा दाखला मराठीतला, रेशनकार्ड कन्नडमधलं, आणि त्यातून इंग्रजीत उतरलेलं वडिलांचं नाव आधारवर एक, पॅनवर दुसरं. गावाचंही तेच, १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण जुन्या कागदांवर जुनं नाव आहेच. अर्ज पाठवण्याआधी त्याची छापील प्रत मागा आणि आधार शेजारी ठेवून वाचा. इन्व्हॉइस, विमा आणि विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, या तिन्हींवरचे चेसिस आणि इंजिन नंबर तुमच्या फोटोतल्या नंबराशी जुळले पाहिजेत.

आता कोल्हापूर. नऊ लाखांची पेट्रोल गाडी धरा. कर्नाटकात १४ टक्के कर आणि त्या करावर सेस, म्हणजे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी ९९ हजार. म्हणून निपाणी-चिकोडीकडे कुणाच्या तरी मेव्हण्याच्या पत्त्यावर एमएच-०९ पासिंग करून घेण्याचे सल्ले फुकट मिळतात. कायदा असा की गाडी तुम्ही राहता तिथं नोंदवायची, आणि दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं राहिली तर इथला नंबर घ्यायचा, म्हणजे करही आलाच. कोल्हापूरच्या शोरूममधून गाडी घ्यायला मात्र काहीच हरकत नाही. तात्पुरती नोंदणी करून आणायची आणि बेळगाव किंवा चिकोडीच्या आरटीओत कायमची करायची. फक्त तिथून निघण्याआधी विमा सुरू झालेला असू द्या, आणि यार्डातली तपासणी तिकडंच उरका. चरा घेऊन शंभर किलोमीटर परत जायला कुणाला आवडत नाही. पुढं तक्रारीची वेळ आलीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, शोरूम कोल्हापुरात असलं तरी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा.

डिलिव्हरीच्या दिवशी

सगळं आधी झालेलं असल्यामुळं या दिवशी दहा मिनिटं पुरतात. चेसिस नंबर तोच आहे का, किलोमीटर किती वाढले, धुताना नवीन ओरखडे पडले नाहीत ना, नंबरप्लेटवरचा नंबर कागदावरचाच आहे ना. सही मात्र या दहा मिनिटांनंतर.

पूजेबद्दल दोन शब्द. हार तारेत गुंफलेला असतो आणि तारेचं टोक बॉनेटवर पहिला ओरखडा काढतं. दोऱ्यात ओवलेला हार सांगा, नाहीतर खाली कापड ठेवा. पांढऱ्या गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक उन्हात वाळलं तर त्याची गुलाबी छाया बरेच दिवस राहते, म्हणून पूजा झाल्यावर तासाभरात ओल्या कापडानं टिपून घ्या, घासू नका. नारळ गाडीपासून चार हात लांब, फरशीवर.

मग हिंडलग्याच्या गणपतीला जायचं असेल तर जा, पण वाटेत आधी पेट्रोल पंप. शोरूमनं टाकीत घातलेलं पेट्रोल तेवढंच पोचवतं. पंपावर टायरची हवा तपासा. वाहतुकीसाठी ती बरीच जास्त भरलेली असते आणि उतरवायचं बहुतेकजण विसरतात. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर योग्य आकडा आहे, तेवढी ठेवा. माझ्या गल्लीतल्या एकानं अशाच फुगलेल्या टायरांवर पंधरा दिवस गाडी चालवली आणि सस्पेन्शन कडक आहे म्हणून शोरूमशी भांडून आला.